स्लिपरमधली लक्ष्मीची पावलं

आठवीत असताना मला बटाट्याचा वैताग आला. दिवाळीची भेटकार्डं मी दर वर्षी घरीच करायची आणि ठसे बटाट्याचे. चार कार्डं झाली की बटाटा पाणी सोडायचा, रंग पसरायचा आणि पणतीचं भजं व्हायचं. त्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणीने नवी युक्ती सांगितली. "जुन्या स्लिपरचं रबर काप. ठसा झकास येतो, यार."

मुलुंडच्या आमच्या गॅलरीत बाबांची पट्टा तुटलेली स्लिपर पडून होती. टाचेकडे झिजलेली, पण चवड्याखालचं रबर अजून जाड. दाढीच्या अर्ध्या ब्लेडने मी त्यातून लक्ष्मीची दोन पावलं कापली, एक उजवं, एक डावं. अंगठाही थोडा कापला, पण गप्प बसले, नाहीतर आईने ब्लेड काढून घेतलं असतं. पावलं दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवर चिकटवली, स्पंजवर लाल रंग ओतला आणि कार्डावर दाबून बघितलं. पाचही बोटं सुटी सुटी उमटली. विसावं कार्डसुद्धा पहिल्यासारखंच. मी हुरळून गेले. कौतुकाच्या बाबतीत मी जन्माची हावरट.

आणि कौतुक करण्यात सगळ्यांत चिक्कू होती बाबांची थोरली बहीण, नाहूरची आत्या. सोवळ्याची कडक. चपलेला हात लागला तर तो धुतल्याशिवाय तिच्याकडे पाणीसुद्धा मिळायचं नाही. म्हणूनच सगळ्यांत सुबक कार्ड मी तिला पोस्टाने पाठवलं. रबर कुठलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते आलं भाऊबीजेला, तिच्या घरी. कार्ड देव्हाऱ्यात ठेवलेलं होतं. पावलांवर हळदकुंकू, पुढे झेंडूचं फूल.

"इतकी रेखीव पावलं मलापण जमली नसती," आत्या म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने केलेलं हे पहिलं कौतुक. गॅलरीतली कापलेली स्लिपर आईने पाहिली होती. ती कानाशी येऊन पुटपुटली, "तोंड उघडलंस तर बघ."

मला देवाची भीती नव्हती, आत्याची होती. सांगितलं तर कौतुक जाणार, वर घरात पाऊलही ठेवू देणार नाही. पण ती रोज त्या चपलेपुढे डोकं टेकणार, तेही बघवेना. मला स्वतःचीच लाज वाटली. आई बाहेर गेल्यावर मी वाती वळत बसलेल्या आत्याजवळ गेले.

"आत्या, तो ठसा स्लिपरच्या रबराचा आहे."

तिचा हात थांबला. "कोणाची स्लिपर गो?"

"बाबांची. जुनी."

ती उठली. देव्हाऱ्यातलं कार्ड तिने हातात घेतलं. आता ते केरात जाणार, मग माझी वाट लागणार, याची मी वाट बघत उभी राहिले.

"निळ्या पट्ट्याची?"

मी मान डोलावली.

"आमच्या ह्यांचा पाय मोडला होता ना उन्हाळ्यात," ती म्हणाली, "तेव्हा महिनाभर रोज ती स्लिपर माझ्या दाराबाहेर असायची. डबा घेऊन मुलुंडहून चालत यायचा तुझा बाबा. पट्टा इथेच जिन्यात तुटला. स्लिपर हातात घेऊन अनवाणी गेला परत, पण दुसऱ्या दिवशी डबा आलाच."

तिने कार्ड होतं तिथेच ठेवलं आणि हात न धुता वाती वळायला बसली.

थोड्या वेळाने बाबा पाटावर बसले. आत्याने त्यांना ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि ती वाकली. बाबांनी घाईघाईने पाय मागे घेतले.

"हे काय गं ताई? मी लहान ना तुझ्याहून?"

"गप बस रे. पाटाकडची रांगोळी विस्कटलीये, ती नीट करतेय."

रांगोळी अजिबात विस्कटलेली नव्हती.