बेटावरची सून आणि माझी आई

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून आठवडाभर मी तिला एक कादंबरी वाचून दाखवतेय. एका छोट्या बेटावरच्या घराण्याच्या चार पिढ्यांची. आईचा सगळा जन्म देवणी आणि लातुरात गेला, समुद्र तिनं पाहिलेला नाही. पण त्या घरातलं सगळं तिला कळतं.

आज दुपारी गोष्टीतली नवी सून होडीतून बेटावर उतरली. सासरच्यांनी तिचं नाव बदललं. मी पुढं वाचायला लागले, तर आईनं थांबवलं.

"आदुगर काय नाव होतं तिचं?"

मी पानं चाळली, सुरुवातीची वंशावळ पाहिली. "लिहिलंच नाही गं."

आई म्हणाली, "माझं बी लग्नात तांदळावर लिहून बदललं. विमल केलं. कस्तुरा म्हनून हाक मारनारा तुझा मामाच तेवढा राहिला होता."

मामा मागच्या महिन्यात गेला. मी खूप रडले होते. त्याच्यासोबत आईचं नावही गेलं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी धीर करून म्हटलं, "कस्तुरा, चहा घे."

तिनं कप घेतलाच नाही. म्हणाली, "आजून एकदा म्हन."

तुमच्या आईला तिच्या पहिल्या नावानं हाक मारणारं कुणी उरलंय का?