पायरीवरची उत्तरं

आमच्या गल्लीत कपडे उसवून-शिवून देणाऱ्या बाईंना सगळे टाकेमावशी म्हणतात. त्यांची माहेरची भाषा निराळी, आणि ती बोलणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. थोरली बहीण होती तोवर मशीन चालू, फोन खांद्यात दाबलेला आणि दोघींचं गुऱ्हाळ सुरू. बहीण गेली आणि मावशींना त्या भाषेत हाक मारणारं कुणी राहिलं नाही. मुलाला ती येत नाही. सुनेला तर वाटायचं, आपल्याविषयीच काहीतरी चाललंय.

अशात एक दाढीवाला दिग्दर्शक दारात येऊन उभा राहिला. त्याला याच भाषेत सिनेमा काढायचा होता आणि नटांकडून संवाद घोकून घ्यायला माणूस हवं होतं. तोवर त्याला एक म्हातारे गुरुजी तेवढे सापडले होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे मी चुकीचं शिकवलं तरी पकडणारं कुणी नाही," मावशी म्हणाल्या आणि तयार झाल्या.

सिनेमातली मुलगी रोज त्यांच्या मशीनशेजारी येऊन बसायची. पोर हुशार. ओळी अशा उचलल्या, की मावशींच्या बहिणीचा हेलसुद्धा तिच्या बोलण्यात आला.

शूटिंगला मावशींनी मला सोबत नेलं. भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर, खिडकीला काळा कपडा. प्रसंग असा, की आईनं अबोला धरलाय आणि मुलगी दारातून विचारते, आई, जेवलीस का? आई गप्पच. सगळ्यांनी श्वास रोखले. मुलीनं त्या भाषेत विचारलं, आणि माझ्या शेजारून मावशींनी उत्तर दिलं. चांगलं ऐसपैस.

"मावशी, इथं उत्तर नाहीये," दिग्दर्शक म्हणाला.

ठाऊक आहे हो, मीच शिकवलंय, असं म्हणत त्या ओशाळल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मग गोडीगुलाबीनं त्यांना बाहेर पायरीवर बसवलं. मीही गेले.

आत कधी दिवा चुके, कधी आईची मान हले. दर वेळी बंद दारामागून तोच प्रश्न यायचा आणि मावशी पुटपुटत उत्तर द्यायच्या. तेच तेच काय सांगता, मी विचारलं.

"तेच कुठं, वहिनी? मघाशी गुडघ्याचं सांगितलं. आत्ता म्हटलं, एकटीला जेवण जात नाही."

काम आटोपल्यावर मुलगी बाहेर आली. मावशी तिचा हात धरून त्यांच्या भाषेत भडाभडा बोलायला लागल्या. ती हसत ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, मला शिकवलंत तेवढंच येतं."

"हो की," मावशी थांबल्या. मग त्यांनी पुढचं कधी घोकायचं ते विचारलं. मुलगी म्हणाली, संवाद संपले, आता उरलेल्या प्रसंगांत नुसतं चालायचंय.

"तरी येत जा. शिकलेलं मुरावं लागतं."

येईन, ती म्हणाली. कधी, ते मावशींनी विचारलं नाही.