डावा हात आणि पहिली दाढी

सलूनवाल्या काकांची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालते. पण हृदयाच्या डॉक्टरीणबाईंपुढे बसले तेव्हा ते मुकाट ऐकत राहिले. बायपास करावी लागणार होती. मुख्य ठिकाणी छातीच्या आतली रक्तवाहिनी जोडायची, हे ठरलेलं. दुसऱ्या ठिकाणी पायातली नस लावता आली असती, पण जन्मभर खुर्चीभोवती उभं राहून काकांच्या पायांच्या नसा फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या.

"डाव्या हातातली घेऊ," बाई म्हणाल्या. "एरवीही ती पायातल्या नसेपेक्षा बहुधा जास्त वर्षं मोकळी राहते." त्यांनी काकांच्या मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबून तळवा पांढराफटक केला, मग एकच सोडली. तळवा पुन्हा गुलाबी झाला. "बघा, घराला दोन नळ आहेत. एक काढला तरी पाणी येतंय. अंगठा काही दिवस बधिर राहील, एवढंच."

एवढंच! घरी येऊन काका फणफणले. वस्तरा चालवतो उजवा हात, पण गालाची कातडी ताणून धरतो तो डावा अंगठा. तोच बधिर झाला तर कोण शहाणा आपला गळा पुढे करील?

"वेडीवाकडी असली तरी पायातलीच लावा म्हणतो. दोन-चार वर्षं कमी जगेन, पण हात देणार नाही."

"तुम्हाला नको असतील. मला हवीत ती दोन-चार वर्षं," काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

काकूंचा धाकटा भाऊ तिथेच बसला होता. भाऊजींची टर उडवायची संधी तो सहसा सोडत नाही. पण त्याचीही बायपास झालेली, पायातली नस लावून, आणि ती आठव्या वर्षी तुंबली होती.

"भाऊजी, मी दुसऱ्यांदा त्या टेबलावर झोपून आलोय. मुकाट्यानं हात द्या. पहिली दाढी माझी!"

काकांनी हात दिला. त्याला आता बारा वर्षं झाली. परवाच्या तपासणीत ती नस अगदी मोकळी निघाली, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. पण ऑपरेशननंतर दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी त्यांचं धाबं दणाणलं होतं. अंगठा अजून बधिर होता. नेहमीची गिऱ्हाइकं तब्येतीची चौकशी करून, "उद्या येतो," म्हणत सटकत होती.

मेहुणा मात्र आला. खुर्चीत बसला, साबण लावून घेतला, डोळे मिटले. आणि वस्तरा जवळ येताच त्या तोंडाळ गड्याची हनुवटी लटलट कापू लागली.

"हलू नकोस रे लेका, कापेल!" काका ओरडले आणि डाव्या हातानं त्यांनी त्याचा जबडा गच्च धरला. त्याला सांभाळण्याच्या नादात स्वतःचा अंगठा बधिर आहे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. दाढी गुळगुळीत झाली. रक्ताचा थेंब नाही.

"एवढा घाबरला होतास, तर आलास कशाला?"

मेहुण्यानं कानामागचा फेस पुसला. "हात गेला असता तर चाललं असतं हो, भाऊजी. तुम्ही गेला असतात तर मी टर कुणाची उडवायची?"

काकांनी उगाचच त्याच्या गुळगुळीत गालांना पुन्हा साबण फासला.