कॉम्प्युटर तयार नव्हता

गावाहून दोन महिन्यांनी आखातात अल-खोबरला परतलो, त्याच महिन्यात गाडीच्या इस्तमाऱ्याची, म्हणजे नोंदणीच्या कार्डाची मुदत संपत होती. त्याआधी गाडीची तपासणी करून घ्यायची होती. इथे तिला सगळे फहस म्हणतात. नवरा रास अल खैरच्या प्लांटवर. रविवारी पहाटे कंपनीच्या बसने जायचा, तो गुरुवारी संध्याकाळी उगवायचा. त्यामुळे फहस माझ्याकडे आलं.

या खेपेला सासरेही आमच्याबरोबर आले होते, व्हिजिट व्हिसावर. मी त्यांना बाबा म्हणते. सांगलीकडच्या साखर कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. सासूबाई गेल्यापासून ते घरात एकटेच होते, म्हणून आम्ही त्यांना आग्रहाने आणलं. इथे आल्यावर त्यांचा दिवस जाता जाईना. नात शाळेत, मी ऑनलाइन शिकवण्यांत, आणि बाहेर असं ऊन की अकरानंतर पाय ठेवायची सोय नाही. पहाटे आणि संध्याकाळी ते बिल्डिंगभोवती चालून यायचे, तेवढंच.

फहसला पहिल्यांदा गेले तेव्हा ब्रेक, दिवे, टायर सगळं ठीक निघालं. मग तिथल्या तरुण तपासनिसाने स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"कॉम्प्युटर नॉट रेडी," तो म्हणाला.

"काय बिघडलंय?" मी इंग्रजीत विचारलं.

"नो प्रॉब्लेम. कार गुड. बट नॉट रेडी." त्याने अरबी छापलेला कागद हातात दिला आणि मागच्या गाडीला पुढे बोलावलं. यल्ला, चला पुढे.

गाडी चांगली आहे, पण पास नाही. याचा अर्थ मला लागेना. कागद फोनवर भाषांतरित करून पाहिला तर 'वाहन सिद्ध नाही' असं आलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "बॅटरी काढून ठेवली होती ना दोन महिने, त्यामुळे असेल. एकदा मेकॅनिकला दाखव."

सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वसाहतीत, आमचे एक नेहमीचे मेकॅनिक आहेत. रायगडकडचे, म्हसळ्याच्या बाजूचे. तीस वर्षं झाली त्यांना इथे. मी त्यांना चाचा म्हणते. त्यांनी आपलं यंत्र लावलं आणि हसले.

"ताई, गाडीला काय झालेलं नाय. धूर साफ जातो की नाय, ते हा कॉम्प्युटर आपला आपण तपासत असतो. बॅटरीची वायर काढली की आधीचं सगळं पुसून जातं. आता त्याला पहिल्यापासून पाच तपासण्या करायच्यात. एक पण झालेली नाय."

"मग करून टाका ना तुम्ही."

"मी नाय करू शकत. ते गाडी चालवून होतं. आणि कशीही चालवून नाय होत." त्यांनी पावतीच्या मागे लिहून दिलं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंड असताना चालू करायची. तीन मिनिटं जागेवरच ठेवायची. मग गावातून. मग हायवेला एका वेगात, नव्वदने, दहा-पंधरा मिनिटं. मग ब्रेकला पाय न लावता नुसता अॅक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यायचा. टाकी अर्धी ठेवायची, भरायची नाही. असं पाच-सहा दिवस.

मी ते सगळं इमानदारीने केलं. मुलीला शाळेत सोडायचं, तिथून जुबैलच्या रस्त्याला लागायचं, नव्वदवर काटा धरून ठेवायचा. इथे नव्वदने जाणाऱ्याला लोक आजारी समजतात. पाय सोडला की मागून ट्रकवाले हॉर्न मारायचे. आणि रोज सकाळी गाडीतलं घड्याळ चुकलेलं असायचं. काल संध्याकाळी लावलेलं, आज पुन्हा भलतीच वेळ. रेडिओची स्टेशनंही गेलेली. मला वाटलं, तयार नसणं म्हणतात ते हेच. कॉम्प्युटर शिकतोय, त्यात घड्याळाचा गोंधळ होत असेल.

सहाव्या दिवशी चाचांकडे गेले. त्यांनी यंत्र लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पाचपैकी एक पण नाय. ताई, चालवली का खरंच?"

"रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर."

"मग असं कसं?" त्यांनी बोनेट उघडून बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. तीस वर्षांचा मेकॅनिक डोकं खाजवतोय म्हटल्यावर मी कुणाकडे बघायचं? कुठली पायरी चुकली असेल याचाच विचार करत घरी आले. तीन मिनिटांऐवजी दोन झाली असतील का? एसी चालू होता म्हणून? टाकी अर्ध्यापेक्षा जास्त होती का? ज्या गोष्टीचं मला काहीच कळत नव्हतं तिच्यात माझी चूक कुठे झाली ते मी शोधत होते.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, ट्रक वाढायच्या आत, उजाडताच निघायचं. मुलगी झोपली होती. बाबा खाली चालत असतील, त्यांना मुलीजवळ थांबायला सांगून जाऊ आणि परत येऊन तिला शाळेत सोडू, असा विचार केला. चावी घ्यायला गेले तर दाराजवळच्या खिळ्यावर चावी नाही. पर्स पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं. मग तशीच खाली गेले.

बोनेट उघडं होतं. बाबा आत वाकलेले, हातात पाना, आणि बॅटरीची वायर जागेवर बसवून नट आवळत होते. अगदी मन लावून. मला पाहून ते दचकलेही नाहीत.

"आज लवकर उठलीस? झालंच बघ. जोडली."

"बाबा, हे काय करताय?"

"गावाला असताना तुझा नवराच म्हणाला होता की, बॅटरी जुनी झालीय, गाडी उभी असली की वायर काढून ठेवायची. तुझ्या लक्षात राहत नव्हतं. म्हणून मीच संध्याकाळी काढतो आन् सकाळी तू निघायच्या आत जोडतो." त्यांनी रुमालाने हात पुसले. "एक दिवस चुकवलेला नाही."

मला हसू येत होतं की रडू, ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. सहा दिवस मी सकाळी कॉम्प्युटरला शिकवत होते आणि संध्याकाळी बाबा ते सगळं पुसत होते. पण हे त्यांना कसं सांगायचं? या घरात आल्यापासून त्यांनी स्वतःहून हाती घेतलेलं हे एकच काम होतं. न सांगावं तर गाडी कधीच पास होणार नाही.

शेवटी तिथेच उभी राहून सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळं नापास झाली."

"पहिल्यांदा दोन महिन्यांमुळे झाली, बाबा."

"आन् नंतर?"

त्यांनी पाना डिकीत ठेवला आणि वर निघून गेले. दिवसभर जेवणापुरतं बोलले. संध्याकाळी चालायलाही गेले नाहीत. मी नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मी ते गावाला जाण्यापुरतं बोललो होतो गं." आता ते सांगून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा बाबा कपडे करून दारात उभे होते. "तो कागद दे माझ्याकडं," म्हणाले. मुलीला शाळेत सोडल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. चष्मा लावून चाचांची पावती वाचू लागले. हायवेवर ते काट्याकडे बघत, "ब्याण्णव झालं, कमी कर," म्हणायचे. पाय सोडायची वेळ आली की मागे वळून बघायचे. "ट्रेलर येतोय. थांब. आता मोकळं आहे, सोड." पहिल्या दिवशी मला त्याचा त्रास झाला. तिसऱ्या दिवशी ते नसते तर कसं चालवलं असतं, कोण जाणे.

पाचव्या दिवशी चाचांच्या यंत्रावर चार तपासण्या पूर्ण दिसल्या. एक राहिली होती.

"एक राहिली तर चालतं म्हणतात," चाचा म्हणाले.

"चालतं? मग पाच कशाला ठेवल्यात?"

"ते मला पण नाय माहीत, ताई."

त्याच दिवशी फहसला गेलो. यंत्र लागलं, पडदा पाहिला गेला, आणि दाराची काच खाली करायला सांगून त्याच तपासनिसाने पुढच्या काचेला आतून पास झाल्याचा नवा स्टिकर लावला. मग मागच्या गाडीला पुढे बोलावलं.

परतताना बाबांनी विचारलं, "पण त्या कॉम्प्युटरला कसं कळतं गं, धूर साफ हाय का नाही ते?"

मी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. "मलाही नीट कळलेलं नाही, बाबा."

"त्या म्हसळ्याच्या माणसाला ठाऊक असंल?"

"असेल."

"मग तिकडंच घे गाडी," ते म्हणाले. "नाहीतरी घरी जाऊन काय करायचंय?"

मी पुढच्या चौकातून गाडी सनाइयाकडे वळवली.