टॅब गप्प का बसला?

आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या नागवेणीइतकं आळशी कुणी नाही, आणि त्या आळसाचं मला भारी कौतुक आहे. टायपिंग नको म्हणून तिने असं जमवलंय, की कमांड लिहून टॅबचं बटण दाबलं की तिथे लागतील तेवढ्याच मशिनांची नावं पुढे येतात. ‘चालू कर’ला बंद पडलेली मशिनं, ‘बंद कर’ला चालू असलेली.

काल आमचे साहेब, गुरुमूर्ती सर, एका जुन्या मशिनावरचं सगळं पुसून टाकायला बसले आणि टॅब बडवत ओरडले, "अगं, हे मेलं बिघडलं!"

"बिघडलं नाही, सर. पुसायचं असलं की ते गप्प बसतं. मीच तसं केलंय. नाव अख्खं हाताने लिहा."

"छळवादी आहेस!" सर एकेक अक्षर टाइप करू लागले आणि मधेच थबकले. "अय्यो! हे तर गिऱ्हाइकांचं चालू मशीन!"

मग स्वतःलाच हसत उठले. "चल नागवेणी, कॉफी..."

"बाय टू," तिने सवयीने वाक्य पुरं केलं. एका कॉफीचे दोन पेले केल्याशिवाय सरांनी आजवर कुणाला पाजलेली नाही.

"नाही गं," सर म्हणाले, "आज अख्खी."