एकही तक्रार नाही

बेरेंड विसिंकने कधी कुणाला गाडी घ्या म्हणून गळ घातली नाही. वेसेलो गावात तशी रीतच नव्हती. त्याच्या बापाने आधी घोड्यांना नाल ठोकले, मग सायकली दुरुस्त केल्या, मग पेट्रोलचा पंप बसवला. बेरेंडने त्याच जागेवर काचेची शोरूम बांधून गाड्यांची एजन्सी घेतली. गावाने या सगळ्या बदलांकडे पाहिलं, मान डोलावली आणि ज्याची त्याची जुनी गाडी मोडीत निघाली की बेरेंडकडून नवी घेतली.

त्या भागात शेजाऱ्याला नाबर म्हणतात आणि नाबर असणं हे काम असतं. पोर जन्माला आलं की बेदाण्यांचा लांबलचक पाव घेऊन जायचं. लग्न ठरलं की दाराला हिरवी कमान बांधायची. कुणी गेलं की त्याला आंघोळ घालून शवपेटी खांद्यावर घ्यायची. उंच, अबोल शेतकरी डेर्क ओंक हा बेरेंडचा पहिला, म्हणजे सगळ्यांत जवळचा नाबर. बेरेंडचा बाप गेला तेव्हा डेर्कनेच त्याची दाढी केली, त्याला कपडे घातले आणि घरी जाऊन गाईंच्या धारा काढल्या. अशा माणसाने गाडी दुसऱ्या गावातून आणली असती तर लोकांनी तोंडावर काही म्हटलं नसतं, पण लक्षात ठेवलं असतं.

बेरेंडही त्याच्या बाजूने रीत पाळायचा. नवी गाडी तो स्वतः चालवत घरी पोचवायचा, स्वयंपाकघरात बसून कॉफी घ्यायचा, मग जेनेव्हर दारूचा एक छोटा पेला. त्यानंतर मात्र त्या गाडीचं नाव काढायचं नाही. बापाने त्याला बजावलं होतं, दिलेल्या वस्तूची चौकशी करायची नाही. समोरच्याला एक तर खोटं बोलावं लागतं, नाही तर तुझा अपमान करावा लागतो.

१९८४च्या वसंतात कंपनीने 'अल्सेना' बाजारात आणली. छोटी, पाच दारांची, आतून ऐसपैस. बेरेंडला ती मनापासून आवडली. त्याने स्वतः एक वापरायला घेतली आणि पंधरा वर्षांत विकल्या नव्हत्या इतक्या गाड्या त्या उन्हाळ्यात दिल्या. डेर्कने घेतली, गुरांचे डॉक्टर लुबर्स यांनी घेतली, शाळेच्या हेडमास्तरांनी घेतली. चर्चबाहेर रविवारी अल्सेनांची रांग लागे. बेरेंड पायरीवर थोडा जास्त वेळ रेंगाळायचा.

ऑक्टोबर आला. धुकं, भिजपाऊस, पुन्हा धुकं. त्या गाडीच्या इंजिनात स्पार्क प्लगांना करंट वाटून देणारं एक काळं झाकण असतं. अल्सेनाच्या पहिल्या गाड्यांत ते अशा जागी बसवलं होतं की बाहेरचा ओलावा थेट त्याच्यात शिरायचा. ओल्या सकाळी गाडी नुसती कण्हायची, सुरू व्हायची नाही. कधी झाली तर चौकात मधोमध बंद पडायची. बेरेंडची स्वतःची गाडी गॅरेजमध्ये, हीटरच्या शेजारी कोरडी ठणठणीत उभी असायची. तिने त्याला एकदाही दगा दिला नाही.

लोकांना वॉरंटी होती, एका वर्षाची, आणि ती कंपनीच्या कुठल्याही एजन्सीत चालायची. वेसेलोच्या लोकांनी त्याचा उपयोग केला. बेरेंडच्या दारावरून, त्याचं लक्ष नसेल अशा वेळी जाऊन, त्यांनी दूतिन्खेम गाठलं. तिथे रादमाकरची मोठी एजन्सी होती, तिथे कुणी त्यांना ओळखत नव्हतं. रादमाकर झाकण बदलून द्यायचा. नवं झाकणही तसंच असायचं. महिनाभराने पुन्हा दूतिन्खेम. ठरलेल्या सर्व्हिसिंगला मात्र गाड्या बेरेंडकडेच यायच्या, कोरडा दिवस बघून, धुऊनपुसून. बेरेंड तेल बदलायचा आणि शीळ घालायचा.

पुढच्या वसंतात कंपनीने देशभरच्या विक्रेत्यांना युट्रेख्टला जेवायला बोलावलं. जेवणाआधी प्रत्येकाने येत्या वर्षात किती गाड्या उचलणार त्यावर सही करायची होती. बेरेंडने आदल्या वर्षापेक्षा मोठा आकडा घातला. मग विक्रीप्रमुख फरहूल्स्ट उभे राहिले.

"मंडळी, झाकणाबद्दल बरंच ऐकतोय. गाडी वाईट, हवा वाईट, नशीब वाईट. पण इथे एक गृहस्थ बसलेत, अगदी पूर्वेकडचे, जिथे धुकं सुरीने कापावं लागतं. वॉरंटीचा एकही दावा नाही. एकही! विसिंक, उभे राहा. सांगा या लोकांना, काय करता तुम्ही?"

बेरेंड उभा राहिला. त्याला भाषणाची सवय नव्हती.

"मी… गाडी देण्याआधी स्वतः नीट तपासतो," तो म्हणाला.

मागच्या टेबलावर कुणी तरी हसलं. टाळ्या फक्त फरहूल्स्ट यांनी वाजवल्या.

निघताना कोट अडकवतात तिथे एका जाड माणसाने त्याची वाट अडवली. तो रादमाकर होता.

"नीट तपासता म्हणे."

"प्रयत्न करतो."

"मग तुमचे ते गुरांचे डॉक्टर माझ्याकडे सारखे काय करतात? माझ्याकडे गाई नाहीत."

"लुबर्स? काही तरी घोटाळा होतोय तुमचा."

"आणि तो उंच शेतकरी? टोपी हातात धरून बसतो, बायको शेजारी. दोघं मिळून तासाला एक शब्द बोलतात."

बेरेंडने कोटाच्या बाहीत हात घातला आणि तसाच थांबला.

"तुमच्या गावच्या सगळ्या अल्सेना मी दुरुस्त करतो, विसिंक. आणि तुमच्या त्या शून्यामुळे कंपनी मला विचारते, शेजारच्या गावात काही होत नाही तर तुझ्याकडेच का? माझ्या कामात खोट आहे का बघायला माणूस पाठवला होता त्यांनी. आज तुम्हाला उभं केलं ते तुमच्या कौतुकासाठी नाही, आमची तोंडं बंद करायला."

"पण ते माझ्याकडे का नाही आले?"

"मीही विचारलं त्या उंच माणसाला. म्हणाला, बेरेंडकडे फार गर्दी असते."

बेरेंडच्या गॅरेजमध्ये कधीच गर्दी नसायची.

घरी आल्यावर त्याने बायकोला, हर्मीनला, सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही.

"मला शंका होती," ती म्हणाली.

"शंका होती? कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. दुकानात गाडीचा विषय निघाला की बायका माझ्याकडे बघून हवेबद्दल बोलायला लागायच्या."

"आणि तू गप्प बसलीस."

"तू चर्चच्या पायरीवर उभा राहून गाड्या मोजत होतास, बेरेंड. तेव्हा तुला कोण सांगणार होतं?"

दुसऱ्या दिवशी त्याने फरहूल्स्ट यांना फोन केला. झाकणाची तक्रार माझ्या गावातही आहे, म्हणाला. फरहूल्स्ट थंडपणे म्हणाले, "तुमच्याकडून तर काहीच आलेलं नाही. ज्याचा दावा नाही त्याची तक्रार कशी धरू?" सही केलेल्या गाड्या मात्र ठरल्या दिवशी ट्रकवरून आल्या आणि शोरूममागे उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे फिरकलं कुणी नाही. गिऱ्हाईकं एकमेकांत बोलली होती. गावाला सगळं माहीत होतं. फक्त बेरेंडला कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्याअखेर कंपनीने झाकण सुधारलं, त्याला रबरी आवरण दिलं, जागा वर सरकवली. नव्या गाड्या आता भर पावसात एका झटक्यात सुरू होत. सुधारलेल्या झाकणांचं खोकं बेरेंडकडे आलं. शोरूममागच्या गाड्यांना त्याने ती लगेच बसवली, उरलेली गिऱ्हाइकांच्या जुन्या गाड्यांसाठी होती. आणि लोकांचा विश्वास परत यावा म्हणून कंपनीने वॉरंटी एका वर्षावरून तीन वर्षांची केली, जुन्या गाड्यांनाही. वर्तमानपत्रात पान भरून जाहिरात आली, 'तीन वर्षं निर्धास्त.' बेरेंडने ती काचेवर आतून चिकटवली.

त्या संध्याकाळी तो गावच्या कॅफेत शिरला तेव्हा मालक काउंटरमागून सांगत होता, "एक वर्षाची होती तेव्हा एक वर्ष रडवलं. आता तीन वर्षं देतायत. म्हणजे त्यांनाच ठाऊक आहे, किती दिवस रडायचंय ते!" हशा पिकला. मग कुणाला तरी बेरेंड दिसला आणि सगळे मक्याबद्दल बोलू लागले. यंदा मका बरा होता.

ऑक्टोबरच्या एका पावसाळी सकाळी बेरेंड न कळवता डेर्ककडे गेला. कधी कुणी असं जात नसे. डेर्कची अल्सेना गोठ्याच्या भिंतीला लागून उभी होती.

"बॉनेट उघड, डेर्क."

"कशाला? बरं चाललंय की."

"उघड."

डेर्कने बायकोकडे पाहिलं. रेना दारातून आत निघून गेली. मग त्याने बॉनेट वर केलं. झाकणावर भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा चढवला होता. बोटांची टोकं कापून त्यांतून वायरी बाहेर काढल्या होत्या आणि मनगटाशी सुतळीची गाठ. काम नीटस होतं.

"सर्व्हिसिंगला आणायचास तेव्हा काढायचास हा?"

"हो."

"कुणी शिकवलं?"

"लुबर्सनी. त्यांना त्या पिवळ्या गाडीवाल्याने, जो रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या सुरू करून देत फिरतो."

"म्हणजे सगळ्यांनी असे हातमोजे घातलेत."

डेर्कने सुतळीची गाठ पुन्हा घट्ट केली.

"माझ्या बापाला तू आंघोळ घातलीस, डेर्क. आणि एवढं सांगता आलं नाही तुला?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

"तो मेला होता, बेरेंड. त्याला काही वाटणार नव्हतं."

बेरेंडने बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. "हे बघ. नवं झाकण आलंय. सुधारलेलं. उद्या घेऊन ये गाडी, अर्ध्या तासाचं काम आहे. फुकट. तू आणलीस तर लुबर्स आणतील, मग हेडमास्तर. लोकांना दिसेल की गाडी आता चांगली आहे. मागे गाड्या पडून आहेत माझ्या. या वर्षी विकल्या नाहीत तर एजन्सी जाते. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग आणशील?"

"अरे, तुला कशाला त्रास?" डेर्क म्हणाला. त्याने बॉनेट हळूच खाली घेतलं, दाबून बंद केलं. "हातमोजा छान बसलाय."

आतून रेनाने हाक मारली, कॉफी तयार होती. बेरेंड बसला, प्यायला. ते मक्याबद्दल बोलले.

डेर्क आला नाही. तो आला असता तर वर्षभर बेरेंडपासून काही लपवलं होतं, हे सगळ्या गावासमोर कबूल केल्यासारखं झालं असतं. मग बाकीचेही आले नाहीत. झाकणांचं खोकं फडताळावर तसंच राहिलं. मागच्या गाड्या, ज्यांच्यात आता काही दोष नव्हता, त्यांच्यावर हिवाळाभर शेवाळ धरलं. ज्यांना नवी गाडी हवी होती त्यांनी ती थांबून थांबून अखेर दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या गावातून घेतली. ती ते कोठारामागे लावत, बेरेंडला रस्त्यावरून दिसू नये म्हणून. बेरेंडला ती दिसायची.

एजन्सी गेली. वेसेलोचा भाग कंपनीने रादमाकरला जोडून दिला. पाटी उतरवायच्या दिवशी, कुणी बोलावलं नसताना, सगळे नाबर शिड्या आणि दोर घेऊन हजर झाले. पाऊस पडत होता. एकाच्याही दारात आता गाडी नाही असं वाटावं इतक्या एकमताने ते सायकलींवर आले होते, गुडघ्यांपर्यंत भिजून. त्यांनी पाटीचं एकेक अक्षर न ओरखडता उतरवलं, काच पुसली, फरशी झाडली. हर्मीनने वाटाण्याचं सूप वाढलं.

"आज सगळ्यांना वेळ आहे," ती भांड्यात पळी आपटत म्हणाली. "गर्दी नाही ना, आमच्याकडे."

कुणी वर बघितलं नाही. हेडमास्तर म्हणाले, सूप छान झालंय.

महिन्याभराने रादमाकरचा फोन आला. वॉरंटीच्या काउंटरवर माणूस हवा होता. वेसेलोचे लोक ओळखीचा चेहरा बघून खुलेपणाने येतील, नव्या गाडीचाही विचार करतील, असा त्याचा हिशेब होता. बेरेंडने नोकरी धरली. निळा कोट, छातीवर नावाची पट्टी. दूतिन्खेमची माणसं यायची, बाह्या सरसावून तक्रार करायची, आवाज चढवायची. बेरेंडला ते आवडू लागलं होतं. घरी जाऊन तो हर्मीनला सांगायचा, आज एका बाईने मला चोर म्हटलं.

वॉरंटीची तीन वर्षं अजून संपली नव्हती. धुक्याचे दिवस आले आणि गेले. एका दुपारी रादमाकर काउंटरपाशी येऊन टेकला.

"विसिंक, एक कळत नाही. तुम्ही आल्यापासून तुमच्या गावची एकही अल्सेना इथे आलेली नाही. आधी तर रांग असायची. ते शेतकरी, ते डॉक्टर. गेले कुठे सगळे?"

"झुटफेनच्या एजन्सीत," बेरेंड म्हणाला.

"झुटफेनला? ते दुप्पट लांब आहे!"

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," बेरेंड म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाताने जवळ बोलावलं.