बाईंना परवानगी होती

नाशिकमध्ये आमच्या बाईंसमोर तोंड उघडलेला एकही माणूस त्यांच्या तावडीतून सुटला नसेल. बाई म्हणजे, मी ज्या कर्णबधिर मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, तिथल्या स्पीच थेरपीच्या शिक्षिका. त्यांचं म्हणणं असं, की उच्चार हे निम्मंच काम. आवाज कुठं चढतो, कुठं उतरतो, माणूस कुठं थांबतो, हे आलं नाही तर मूल बोलतं, पण त्याचं बोलणं समोरच्याला लागत नाही. मत ठीक होतं. पंचाईत अशी, की बाईंनी ते शाळेच्या वेळेपुरतं ठेवलं नव्हतं. तुम्ही काय सांगता याकडे त्यांचं लक्षच नसायचं, कसं सांगता एवढंच त्या ऐकायच्या. आमच्या शिपायानं एकदा सासरे वारले म्हणून रजा मागितली. बाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "वाईट झालं. पण तुम्ही एका दमात सांगून टाकलंत, मध्ये कुठं अडखळला नाहीत. पुन्हा सांगा बरं." शिपायानं पुन्हा सांगायला सुरुवात केली, अडखळला, आणि सासरे ठणठणीत आहेत, मेव्हण्याचं लग्न आहे, असं कबूल करून मोकळा झाला.

शाळा सुटली की त्या बसस्थानकावर जाऊन उभ्या राहायच्या. कंडक्टर "ओझर, पिंपळगाव, चांदवड" असं पुकारू लागला की वहीत शब्द लिहायच्या नाहीत, वरखाली जाणारी रेघ ओढायच्या. एका कंडक्टरला बाई एसटी खात्याच्या तपासनीस वाटल्या. त्यानं सगळ्या गाडीची तिकिटं पुन्हा तपासली, एका आजींना खिडकीची जागा मिळवून दिली आणि खाली उतरून अदबीनं विचारलं, "मॅडम, आपलं काही चुकलं का?" "चांदवड फार पटकन टाकता," बाई म्हणाल्या. "शेवटचं गाव आहे, जरा लांबवा." पुढं तो चांदवड इतकं लांबवायला लागला, की गाडी मालेगावपर्यंत जाते अशी लोकांची समजूत होऊ लागली. भाजीबाजारात मखमलाबादची एक बाई मेथी विकायची. तिची हाळी ऐकण्यासाठी बाई रोज तिच्यासमोर थांबायच्या, आणि नुसतं ऐकून जाणं बरं दिसत नाही म्हणून रोज दोन जुड्या घ्यायच्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही वर्षभर मेथीचे पराठे खाल्ले. कुणी कुरकुरलं तर बाई म्हणायच्या, "मेथी मला तरी कुठं हवी असते?"

त्यांच्या वर्गात सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी असायची. एक टोक मुलाच्या हातात, दुसरं बाईंच्या. आवाज वर न्यायचा तिथं पट्टी ताणायची, उतरवायचा तिथं सैल सोडायची. माझ्या खोलीत पालक बसलेले असले की पलीकडून तासभर "काऽय?", "होऽ", "अरे वाऽ" असं चाललेलं असायचं. एका पालकांनी हळूच विचारलं होतं, "सर, आत कुणाचं भांडण मिटवताय का?"

त्या वर्गात निफाडची अश्विनी होती. आठ वर्षांची, कानाला यंत्र, उच्चार बरेच स्पष्ट. पण बोलणं फूटपट्टीनं आखल्यासारखं सरळ. तिची आई मला म्हणाली होती, "सर, मागल्या दारी साप निघाला, ते बी तिनं दूधवाला आल्यावानी सांगितलं. मी म्हटलं, पातेलं दे." आम्ही दोघंही हसलो होतो. हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला होता, तेही मी पाहिलं होतं.

बाईंनी या मुलीवर दोन वर्षं घालवली. मग एक दिवस माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "सर, सोमवारी चार मुलांना लासलगावला नेते. कांद्याचा लिलाव ऐकवायचाय. इतका चढता आवाज जिल्ह्यात दुसरीकडे नाही." मी एका पत्रकावर सह्या करत होतो. म्हणालो, "न्या. अर्जबिर्ज राहू द्या, न्या." हे माझे शब्द. ते मला आजही जसेच्या तसे आठवतात.

सोमवारी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगांमधून लिलाव पुकारणारा पुढं, व्यापारी त्याच्या मागं, आणि सगळ्यांच्या मागं बाई आणि कानाला यंत्रं लावलेली चार मुलं. मुलं दोन तास ऐकत राहिली. एका ट्रॉलीपाशी बोली अडली, क्षणभर सगळे गप्प झाले, आणि त्या गप्पपणात अश्विनीनं मघापासून ऐकलेल्या चालीत पुढचा भाव पुकारला. असा पुकारला, की पुकारणाऱ्यानं मागं न बघता ती बोली धरली आणि माल तिच्या नावावर सोडला. नाव कुणाचं लिहायचं म्हणून मान वळवली, तर दोन वेण्यांची मुलगी. ट्रॉलीवरचा शेतकरी म्हणाला, "काय चुकलं तिचं? तुमच्यापरीस लय चांगली बोलली." आवारभर हशा झाला. ज्याची बोली गेली तो व्यापारी मात्र चिडला. त्या गडबडीत एक मुलगा ट्रॉलीच्या हुकाला अडखळून पडला, गुडघा फुटला. व्यापारी आमच्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याच्या ओळखीचा निघाला आणि चौकशीची बैठक लागली.

ही गोष्ट मी पुढं अनेक लग्नांत, अनेक निरोपसमारंभांत सांगितली आहे. पुकारणाऱ्याची नक्कल करून सांगायचो, लोक पोट धरून हसायचे. बैठकीचा भाग मात्र कधी सांगितला नाही. तो आता सांगतो.

मला निवृत्तीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही, हा विषयही त्याच बैठकीत होता. अध्यक्षांनी विचारलं, "बाईंना तुमची परवानगी होती?" मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सर, हे वाक्य तुम्ही फार गुळगुळीत म्हणालात." सगळे हसले. बाई अशाच, असं सगळ्यांना ठाऊक होतं. मीही हसलो. बाई दुसरं काही बोलल्या नाहीत. 'विनापरवानगी व निष्काळजीपणे' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं आणि बाईंची नोकरी गेली. मला दोन वर्षं मिळाली.

एवढ्यावरही थांबलो नाही. अश्विनीची आई विचारायला आली, तेव्हा मी तिला सांगितलं, "त्या बाईंच्या हाती मुलगी देऊ नका." बाई नंतर एसटीनं निफाडला गेल्या होत्या, घरी येऊन फुकट शिकवते म्हणायला. आईनं त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

वीस वर्षं झाली. यंदा शाळेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडे बाईंवर काहीतरी गमतीदार लिहून मागितलं. कंडक्टर झाला, मेथी झाली, लासलगाव आलं, आणि पुढं हात चालेना. कागद तसाच ठेवून मी बाईंच्या घरी, इंदिरानगरला गेलो. बाई आता सत्तरीच्या पुढं आहेत. मी सगळं कबूल केलं. त्या दाण्याचे लाडू वळत होत्या. शेवटचा लाडू वळून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"हे मला माहीत होतं की," मग म्हणाल्या. "अश्विनीच्या आईला सांगितलंत?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलात? तिला सांगा."

मी निफाडला गेलो. अश्विनीच्या आईनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी त्यांना पाणी बी इचारलं नाय, सर. तुमच्या शब्दावर." अश्विनी आता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. काम चोख. पण फोनवर लोकांना ती तुसडी वाटते, म्हणून तिला फोन घेऊ देत नाहीत. दोन ठिकाणची लग्नाची बोलणी पहिल्या भेटीनंतर थांबली. हे सांगताना आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

परत येऊन मी बैठकीसकट सगळं लिहून पाठवलं. स्मरणिकावाल्यांनी मजकूर परत केला. "सर, जुनं कशाला उकरता, गमतीचं तेवढं ठेवू." मी नाही म्हणालो, म्हणून तो इथं छापायला दिला आहे. इतिवृत्तातली ती ओळ दुरुस्त करावी असा अर्जही शाळेकडे दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.

अश्विनी दर रविवारी बाईंकडे येते. आईच घेऊन आली पहिल्यांदा. बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, "आठव्या वर्षी जे सहा महिन्यांत आलं असतं, ते आता अर्धंच येईल. चालेल?" अश्विनी "चालेल" म्हणाली. परतताना तिला बसस्थानकावर सोडायचं काम मी मागून घेतलं आहे. रिक्षा थांबवून मी जिन्यातल्या खुर्चीवर बसतो. आत या, असं अजून कुणी म्हटलेलं नाही आणि ते बरोबरच आहे. दार बंद असतं. शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो. गेल्या रविवारी तो बराच वेळ एका पातळीवर चालला होता. मग एकदा थोडा वर गेला, तिथं थांबला, आणि हळूहळू खाली आला. रिक्षावाल्यानं खालून हॉर्न दिला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.